बसेंजी: काँगोच्या रानातला शिकारी, घरातल्या सोफ्यावर

बसेंजी हा मध्य आफ्रिकेतल्या काँगो खोऱ्यातला शिकारी कुत्रा. ‘न भुंकणारा कुत्रा’ अशी त्याची ख्याती आहे आणि युरोप-अमेरिकेतले कित्येक लोक त्या एका गुणावर भाळून त्याला घरी आणतात. ख्याती अर्धीच खरी आहे. बसेंजीच्या स्वरयंत्राची ठेवण इतर कुत्र्यांहून थोडी निराळी असते आणि दारावरची घंटा वाजली की भुंकत सुटण्याची खोड त्याला नसते. एखादी अनोळखी वस्तू अचानक समोर आली तर तो एकदाच तुटक भुंकतो आणि गप्प होतो. मुका मात्र तो मुळीच नाही. तो गुरगुरतो, कुरकुरतो, केकाटतो. घरचे माणूस बाहेरून आले की मान वर करून, तोंड अर्धवट उघडून खालच्या सुरातून वर चढत जाणारा लांबलचक हेल काढतो. आल्प्सच्या डोंगरातले गुराखी गळा फिरवून जी साद घालतात तिला योडल म्हणतात. बसेंजीच्या या आवाजालाही तेच नाव पडले आहे, आणि त्याला पाळणारे लोक लाडाने ‘बारू’ म्हणतात. हा झाला आनंदाचा आवाज. एकटे कोंडले किंवा नखे कापायला धरून ठेवले की निघणारा आवाज वेगळाच असतो. ती सरळसरळ किंकाळी असते. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला शेजारच्या घरात कोणाचा तरी जीव जातो आहे असे वाटते. फ्लॅटमध्ये शांतता राहावी म्हणून ही जात निवडणाऱ्याने तो आवाज आधी ऐकून घेतलेला बरा.

या कुत्र्याच्या घरातल्या वागण्याचा उलगडा त्याच्या मूळ कामातून होतो. काँगो खोऱ्यातल्या इतुरीच्या जंगलातले म्बुटी लोक आणि त्यांच्या उत्तरेकडचे अझांदे लोक अशा कुत्र्यांना घेऊन पिढ्यानपिढ्या शिकार करत आले आहेत. म्बुटींची शिकार जाळ्यांची असते. तंतूंची वळलेली लांबच लांब जाळी जंगलात अर्धवर्तुळात लावतात, काही जण जाळ्यांपाशी दबा धरून बसतात आणि बाकीचे समोरून रान उठवत लहान हरणांना जाळ्यांकडे पिटाळतात. रान उठवण्याचे काम कुत्र्यांना चांगले जमते. पण झाडी इतकी दाट की चार पावलांवरचे दिसत नाही, आणि कुत्रा भुंकणारा नाही. म्हणून त्याच्या गळ्यात लाकडी घंटा बांधतात. तिच्या खडखडाटावरून तो कुठे आहे हे माणसांना कळते आणि हरणेही बिथरून पळतात. गवताळ भागात हेच कुत्रे उंच गवतात शिरले की पुढचे दिसावे म्हणून जागच्या जागी उभ्या उड्या मारतात.

या सगळ्यात कोणीही कुत्र्याला पावलोपावली हुकूम देत नाही. मेंढ्या वळणारा कुत्रा धनगराच्या शिटीकडे कान लावून असतो, बंदुकीच्या शिकारीतला कुत्रा पडलेला पक्षी उचलून मालकाच्या हातात आणून देतो. बसेंजीवर असले संस्कार झालेच नाहीत. डोळे, नाक आणि स्वतःची अक्कल वापरून सावज शोधायचे आणि पळवायचे, एवढेच त्याचे काम. गावातही तो मोकळाच फिरे, मिळेल ते खाई. घरात त्याच्या ज्या ज्या खोड्यांचे कौतुक होते किंवा ज्यांनी घरच्यांच्या नाकी नऊ येतात, त्या बहुतेक सगळ्या इथून आल्या आहेत.

दिसायला बसेंजी देखणा. उंची ४० ते ४३ सेंटिमीटर, वजन १० ते ११ किलो, मादी नराहून जराशी लहान. कान ताठ उभे. कान टवकारले की कपाळावर बारीक आठ्या पडतात आणि चेहरा कायम कसल्यातरी चिंतेत असल्यासारखा दिसतो. तशी चिंता त्याला क्वचितच असते. शेपटी घट्ट गुंडाळून मांडीवर टेकवलेली. केस आखूड आणि तुळतुळीत. रंग बहुधा तांबूस, पण काळा-पांढरा, तिरंगी आणि वाघासारखे पट्टे असलेला असे प्रकारही आहेत. पंजे, छाती आणि शेपटीचे टोक पांढरे. चाल घोड्याच्या दुडकीसारखी हलकी आणि लांब टापांची. प्राचीन इजिप्तच्या थडग्यांमधल्या चित्रांत अशाच उभ्या कानांचे, वेटोळ्या शेपटीचे कुत्रे दिसतात आणि त्यावरून बसेंजीला फेअरोंचा कुत्रा म्हणण्याची हौस पुष्कळांना असते. साम्य आहे, यात शंका नाही. पण चित्रातल्या साम्यावरून वंशावळ सिद्ध होत नाही.

घरात ठेवायला त्याच्याइतका स्वच्छ कुत्रा शोधून सापडायचा नाही. बसेंजी मांजरासारखा स्वतःला चाटून साफ ठेवतो. पंजा ओला करायचा, तो डोळ्यांवरून आणि कानामागून फिरवायचा, मग दुसरा पंजा. जेवण झाले की हा कार्यक्रम बराच वेळ चालतो. अंगाला कुत्र्याचा म्हणून जो वास येतो तो त्याला जवळजवळ येत नाही आणि केसही थोडे गळतात. आंघोळ वर्षातून मोजक्या वेळा पुरते, आणि ते दोन्ही पक्षांच्या सोयीचे आहे, कारण पाण्याचा त्याला मनस्वी तिटकारा. इंग्लंडसारख्या देशात या तिटकाऱ्याची रोज परीक्षा होते. सकाळी दार उघडावे, बाहेर रिपरिप सुरू असावी. बसेंजी उंबरठ्यापर्यंत येतो, एक पंजा बाहेर काढतो, ओल्या फरशीला टेकवून लगेच वर घेतो आणि तसाच उलट्या पावली घरात जातो. पावसाळी जाकीट घालून, छत्री धरून त्याला फिरायला नेणारी माणसे थट्टेचा विषय होतात खरी. पण तसे न करणाऱ्यांना नंतर गालिचा धुवावा लागतो.

थंडीही त्याला सोसत नाही. अंगावर आखूड केसांचा एकच थर असल्याने ऊब मिळेल तिथे तो जातो. खिडकीतून आलेल्या उन्हाचा कवडसा जसजसा सरकतो तसतसा हाही सरकत राहतो. रात्री पांघरुणात नाक खुपसून आत शिरतो आणि सकाळपर्यंत निम्मा पलंग व्यापतो. सोफ्याच्या पाठीची अरुंद कड ही खिडकीबाहेर नजर लावून बसण्याची त्याची आवडती जागा. त्या जागेवरून रस्त्यातली मांजर, खार, कबुतर, उडणारी पिशवी, काहीच सुटत नाही.

बसेंजीला मोकळा सोडता येत नाही, यामागचे कारण हेच. त्याची शिकार मुख्यतः नजरेवर चालते. हलणारी वस्तू दिसली की तो सुटतो, आणि सुटल्यावर मागून येणारी हाक त्याच्यापर्यंत पोचत नाही. पोचली तरी परतायचे की नाही हे तो ठरवतो. मोटारीची भीती त्याला जवळपास नसल्याने मोकळ्या बसेंजीला रस्त्यावर अपघाताचा धोका फार मोठा. त्यामुळे जाणते लोक बंदिस्त मैदान सोडून कुठेही त्याचा पट्टा काढत नाहीत. त्यातही कुंपणाची गोष्ट निराळीच आहे. लोखंडी तारांच्या जाळीचे कुंपण बसेंजीला शिडीसारखे वाटते. तो पुढचे पंजे जाळीत अडकवून मागच्या पायांनी रेटा देत चढतो आणि पलीकडे उडी टाकतो. म्हणून त्याच्यासाठी सरळ, गुळगुळीत लाकडी फळ्यांचे उंच कुंपण सुचवले जाते, आणि त्याच्या आतल्या बाजूला बाक किंवा कुंड्या ठेवू नयेत असेही सांगितले जाते.

संध्याकाळच्या सुमारास बसेंजीच्या अंगात येते. काही कारण नसताना तो अचानक पाठीची कमान करतो, मागचे पाय पोटाखाली घेतो आणि सोफ्यावरून टेबलाखाली, टेबलाखालून पलंगावर, पलंगावरून परत सोफ्यावर असे सुसाट फेरे घालतो. वळणावर गालिचा गोळा होतो, उश्या उडतात. पाच-दहा मिनिटांनी, सुरू झाला तसाच अचानक, हा प्रकार संपतो. अमेरिकेतल्या इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या मोटार शर्यतीवरून या प्रकाराला गमतीने ‘बसेंजी ५००’ म्हणतात. अशा वेळी मधे उभे न राहणे एवढेच घरच्यांच्या हाती असते.

ही ऊर्जा बाहेर खर्च झाली नाही तर ती घरातल्या सामानावर निघते. दिवसभर एकट्या ठेवलेल्या तरुण बसेंजीने काय काय करावे याला सुमार नाही. उशीतला कापूस खोलीभर पसरतो, टीव्हीच्या रिमोटची बटणे कुरतडली जातात, चष्म्याची काडी गायब होते, बाथरूममधल्या कागदाची गुंडाळी दिवाणखान्यापर्यंत उलगडत येते. माणसाचा वास असलेल्या वस्तू त्याला विशेष प्रिय, म्हणून धुवायला टाकलेल्या कपड्यांवर झाकण हवे. स्वयंपाकघरातला ओटा त्याच्या टप्प्यात असतो. पेडल दाबल्यावर उघडणाऱ्या कचरापेटीचे पेडल कशासाठी आहे हे तो माणसांकडे बघून शिकतो. बसेंजी असलेल्या घरात कपाटांना लहान मुलांसाठी असतात तशा कड्या लावलेल्या दिसतात. घर आवरलेले राहण्याचे श्रेय बसेंजीला कोणी देत नाही, पण बाहेर काही पडलेले नसणे ही अशा घरातली नाइलाजाची शिस्त असते.

असा कुत्रा हुशार की मठ्ठ? अमेरिकी-कॅनेडियन मानसशास्त्रज्ञ स्टॅनली कोरेन यांनी १९९४ साली कुत्र्यांच्या बुद्धिमत्तेवर पुस्तक लिहिले. त्यात आज्ञापालनाच्या स्पर्धांतील परीक्षकांच्या मतांवरून जातींची क्रमवारी लावली होती. तीत ७९ क्रमांकांपैकी बसेंजीचा क्रमांक ७८वा, म्हणजे शेवटून दुसरा; त्याच्याखाली फक्त अफगाण हाउंड. पहिल्याच हुकमाला मान देण्याचे क्रमवारीतल्या या तळाच्या गटाचे प्रमाण २५ टक्के किंवा त्याहून कमी होते. परंतु ही क्रमवारी हुकूम किती लवकर शिकतो आणि किती तत्परतेने पाळतो एवढेच मोजते. कपाटाची कडी उघडणे किंवा घरच्यांची पाठ वळेपर्यंत डोळे मिटून झोपेचे सोंग घेणे याला त्या परीक्षेत गुण नाहीत. ‘बस’ म्हणजे काय हे बसेंजीला लवकर समजते. बसण्यात आपला काय फायदा याचा हिशेब तो दर वेळी नव्याने करतो. म्हणून त्याला शिकवताना खाऊ हाताशी ठेवावा लागतो, धडा थोडक्यात आटपावा लागतो, आणि दरडावण्याचा काही उपयोग होत नाही. मार बसला तर तो माणसावरचा विश्वास गमावतो, आणि कोपऱ्यात सापडला तर चावायलाही कमी करत नाही.

या स्वभावाचा पद्धतशीर अभ्यास अमेरिकेतल्या मेन राज्यात, बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत झाला आहे. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी तिथे दुसऱ्या महायुद्धानंतरची जवळपास दोन दशके पाच जातींच्या कुत्र्यांवर काम केले आणि १९६५ साली ग्रंथरूपाने ते प्रसिद्ध केले. बीगल, कॉकर स्पॅनियल, शेटलंड शीपडॉग, वायरहेअर्ड फॉक्स टेरियर आणि बसेंजी या त्या पाच जाती. पाच आठवड्यांची बसेंजी पिल्ले माणूस जवळ गेला की ओरडत पळत आणि धरले तर चावायला बघत. कॉकरची पिल्ले त्याच वयात मुकाट्याने हाताळू देत. पण रोज माणसांच्या हातात राहिल्यावर हीच बसेंजी पिल्ले लवकर माणसाळली. गळ्यात दोरी घातलेली मात्र त्यांना खपत नसे, तिच्याशी ती झुंजत. बसेंजी आणि कॉकर यांचा संकर केल्यावर झालेली पिल्ले भुंकू लागली. न भुंकणे ही कोणी शिकवलेली सवय नसून रक्तातली गोष्ट आहे, हे त्यातून दिसले. पिल्लू असतानाच भरपूर माणसे, मुले, आवाज आणि हात यांची सवय लावण्याचा आजचा आग्रह या निष्कर्षांशी जुळतो.

बसेंजीची आणखी एक गोष्ट पाळीव कुत्र्यांत दुर्मीळ आहे. बहुतेक जातींच्या माद्या वर्षातून दोनदा आणि कोणत्याही महिन्यात माजावर येतात. बसेंजीची मादी वर्षातून एकदाच येते, आणि तेही उत्तर गोलार्धात दिवस लहान होऊ लागल्यावर, साधारण सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये. ऑस्ट्रेलियाचा डिंगो आणि तिबेटी मॅस्टिफ यांच्यातही असेच चालते. मराठी वाचकाला हे चमत्कारिक वाटू नये. भाद्रपद लागला की गावठी कुत्र्यांच्या टोळ्या गल्लोगल्ली भांडत फिरतात हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते, आणि भाद्रपद येतो ऑगस्ट-सप्टेंबरात. माणसाने जाणूनबुजून फारशी निवड न केलेल्या कुत्र्यांत ऋतूचे हे बंधन टिकून राहिलेले दिसते. घरात एकाहून अधिक बसेंजी असतील तर हे महिने कटकटीचे जातात: नर खाणे सोडून दारापाशी हेल काढत बसतात, माद्यांची आपसात जुंपते. एरवीही दोन नर किंवा दोन माद्या एकत्र नांदतीलच असे नाही. नर-मादीची जोडी त्यातल्या त्यात बरी. पिल्ले मुख्यतः हिवाळ्यात जन्मत असल्याने ज्याला जातिवंत पिल्लू हवे त्याला बहुधा पुढच्या मोसमापर्यंत थांबावे लागते.

या जातीचे प्राचीनत्व जनुकांतही दिसते. २००४ साली अमेरिकेत ८५ जातींच्या जनुकांची तुलना झाली. तेव्हा लांडग्याला सर्वांत जवळच्या ठरलेल्या मोजक्या जातींत शिबा इनू, चाऊ चाऊ, अकिता यांच्याबरोबर बसेंजीही निघाला. २०२१ मध्ये चायना नावाच्या बसेंजी मादीचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला. आधुनिक जातींच्या वंशवृक्षाच्या बुंध्याजवळ बसेंजी असल्यामुळे बाकीच्या जाती ताडून पाहायला तो चांगला आधार ठरेल, असे त्या संशोधकांचे म्हणणे आहे. श्वानसंस्थांचे मात्र त्याच्या जागेबाबत एकमत नाही. ब्रिटन आणि अमेरिकेत त्याला हाउंड गटात घालतात, तर आंतरराष्ट्रीय महासंघ आदिम प्रकारच्या कुत्र्यांत धरतो.

आफ्रिकेतून बाहेर पडण्याची त्याची कथा हानीची आहे. १८९५ मध्ये इंग्लंडला आणलेली जोडी डिस्टेंपर या कुत्र्यांच्या साथीच्या रोगाने मेली. १९२३ साली लेडी हेलन नटिंग यांनी सुदानातून सहा कुत्रे आणले. तेही वाचले नाहीत. अखेर ऑलिव्हिया बर्न यांना १९३०च्या दशकात यश आले आणि १९३७ च्या क्रफ्ट्स श्वानप्रदर्शनात हे न भुंकणारे कुत्रे पाहायला झुंबड उडाली. अमेरिकेतल्या सुरुवातीच्या कुत्र्यांत एक मादी चक्क विनातिकीट आली होती. १९४१ मध्ये पश्चिम आफ्रिकेहून बॉस्टनला कॉफी घेऊन आलेल्या मालवाहू जहाजाच्या तळघरात ती हडकुळ्या अवस्थेत सापडली. तिचे नाव काँगो ठेवले गेले. १९४३ मध्ये अमेरिकन केनेल क्लबने या जातीला मान्यता दिली आणि १९५६ साली विल्यम वेलमन यांच्या ‘गुड-बाय, माय लेडी’ या चित्रपटात दलदलीत सापडलेल्या एका बसेंजीची गोष्ट पडद्यावर आली.

इतक्या थोड्या कुत्र्यांपासून सगळा वंश वाढल्याची किंमत पुढच्या पिढ्यांनी मोजली. सर्वांत मोठा आजार म्हणजे फॅन्कोनी सिंड्रोम. यात मूत्रपिंडे साखर, क्षार आणि अमिनो आम्ले रक्तात परत घेत नाहीत. ती लघवीवाटे वाहून जातात. आजार बहुधा मध्यम वयात, चार ते आठ वर्षांच्या दरम्यान डोके काढतो. कुत्रा सारखे पाणी पितो, सारखी लघवी करतो, वजन उतरते. रक्तातली साखर ठीक आणि लघवीत मात्र साखर, ही त्याची खूण. मधुमेहाच्या रुग्णांसाठी औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या लघवीच्या पट्ट्या म्हणूनच बसेंजीच्या घरात असतात. महिन्यातून एकदा सकाळी पट्टा लावून फिरायला नेताना लघवीची पट्टी धारेत धरायची आणि रंग पाहायचा, एवढेच काम. डॉ. स्टीव्ह गोंटो यांनी बायकार्बोनेटच्या गोळ्या आणि पूरक क्षार देण्याची जी पद्धत बसवली तिच्यामुळे असे पुष्कळ कुत्रे बऱ्यापैकी पूर्ण आयुष्य जगतात.

आजार अनुवांशिक असल्याने खरा उपाय पैदाशीतच होता. नवे रक्त यावे म्हणून १९८७ आणि १९८८ मध्ये अमेरिकेतले काही श्वानपालक झाईरमध्ये (आजच्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकात) गेले, ईशान्येकडच्या खेड्यांतून पिल्ले घेऊन आले आणि १९९० साली त्यांना अमेरिकेच्या नोंदवहीत जागा मिळाली. वाघासारखे पट्टे असलेला रंग त्यांच्याबरोबरच अमेरिकेत रुजला. २००७ मध्ये मिझुरी विद्यापीठाने फॅन्कोनीसाठी जनुकचाचणी उपलब्ध करून दिली, आणि तेव्हापासून वाहक असलेल्या दोन कुत्र्यांचा मेळ टाळता येऊ लागला. डोळ्यांचे काही अनुवांशिक विकार आणि आतड्यांचा एक चिवट आजार अजून जातीत आहेत. तरीही निरोगी बसेंजी १३-१४ वर्षे सहज जगतो. अमेरिकेतल्या ऑर्थोपेडिक फाउंडेशन फॉर ॲनिमल्सच्या खुल्या नोंदींत कुत्र्याच्या नावावरून अशा चाचण्यांचे निकाल सापडतात, त्यामुळे पिल्लू घेण्याआधी त्याच्या आई-बापाचे निकाल घरबसल्या पाहता येतात.